डोळा लाल, तपासणी रक्ताची

मागच्या अंकातल्या टिपणात एक वाक्य होतं: ‘लहान मुलांमधल्या ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाची, खूण कधीकधी आधी डोळ्यात दिसते.’ त्या एका वाक्यावर भरपूर पत्रं आली. त्यांतली सात इथे घेतली आहेत. उत्तरं बालरक्तरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांनी मिळून दिली आहेत. आधी एक खुलासा. डोळे लाल झालेल्या, चोळणाऱ्या, सकाळी पापण्या चिकटलेल्या मुलांपैकी जवळजवळ सगळ्यांना ॲलर्जी असते किंवा डोळ्यांची साथ. ल्युकेमिया मुळात विरळ, आणि तो डोळ्यापासून उघड होणं त्याहून विरळ. त्यामुळे डोळ्यांना खाज आणि चिपडं एवढीच तक्रार असेल तर हे पान निवांत वाचा.

मुलगा चार वर्षांचा. आठवड्यापूर्वी उजव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्ताचा लालभडक डाग आला. मार नाही, खोकला नाही. मेडिकलमधून ड्रॉप आणून घातले. तो डाग जातोय न जातोय तोच काल डाव्या डोळ्यातही तसाच आला. अंगावर काळेनिळे डाग आहेत, पण तो दिवसभर धडपडतच असतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं की थोडं थांबावं? — एक आई, सातारा

थांबू नका. मात्र पहिली फेरी बालरोगतज्ज्ञांकडे आणि लॅबमध्ये होऊ द्या, आजच. डोळ्यांचे डॉक्टर त्यानंतर.

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक पडदा असतो. त्याखालची बारीक रक्तवाहिनी फुटली की टीपकागदावर शाई पसरावी तसं रक्त पसरतं. दिसायला भयंकर, पण दुखत नाही, नजरही कमी होत नाही. दहा ते चौदा दिवसांत डाग पिवळसर होत विरतो. कुठलेही ड्रॉप तो लवकर घालवत नाहीत. डोळ्याला चेंडू लागला, डांग्या खोकल्याची उबळ आली, जोराच्या उलट्या झाल्या, तर असा डाग येतो आणि काही न करता जातो. तुमच्या मुलाचं चित्र यात बसत नाही. कारण सापडत नाही आणि आठवड्याभरात दुसरा डोळा. अशा वेळी संशय प्लेटलेटवर जातो, कारण वाहिन्यांना पडणाऱ्या बारीकसारीक चिरा बुजवण्याचं काम प्लेटलेट करतात.

लॅबला निघण्याआधी मुलाला दिवसाच्या उजेडात, कपडे काढून नीट बघा. नडग्या, गुडघे, कपाळ इथले डाग खेळणाऱ्या पोराने कमावलेले असतात. पाठ, पोट, ढुंगण, दंडाची आतली बाजू, कानामागे असे डाग दिसले तर ते खेळातले समजू नका. मोज्याच्या इलॅस्टिकखाली आणि घोट्यांभोवती टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके शोधा. त्यांवर काचेचा पारदर्शक ग्लास दाबून धरा: घामोळं आणि डासाचा चावा फिका पडतो, हे ठिपके तसेच राहतात. तोंडात गालाच्या आतून रक्ताचे फोड, दात घासताना रक्त, हेही पाहा. दोन आठवड्यांत येऊनजाऊन ताप, रात्री पाय दुखून रडणं, धावणाऱ्या मुलाने ‘कडेवर घे’ म्हणणं, यांतलं काही असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. मुलं ‘थकलो’ म्हणत नाहीत, ती जिन्यात बसकण मारतात.

लॅबमध्ये नेमकं हे मागा: सीबीसी (रक्तपेशींची संपूर्ण मोजणी), प्लेटलेट मोजणी आणि पेरिफरल स्मिअर (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब), तोही पॅथॉलॉजिस्टने स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेला. जांभळ्या बुचाच्या नळीत शिरेतून एक-दोन मिली रक्त लागतं, उपाशी राहावं लागत नाही. स्मिअरचा आग्रह का? कर्करोगाच्या अपरिपक्व पेशी, म्हणजे ब्लास्ट, मशीन कधीकधी लिम्फोसाइट किंवा मोनोसाइट, म्हणजे नेहमीच्या पांढऱ्या पेशी, म्हणून मोजून टाकतं. ‘पांढऱ्या पेशी नॉर्मल आहेत’ या वाक्यावरही विसंबू नका. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियात, म्हणजे एएलएलमध्ये, निदानाच्या वेळी जवळपास निम्म्या मुलांच्या पांढऱ्या पेशी १०,००० च्या आतच असतात.

प्लेटलेट दीड ते साडेचार लाख असाव्यात. आकडा फार कमी आला तर आधी तो खरा आहे का, हे पाहायचं: नळीत रक्त गोठलं किंवा नळीतल्या औषधामुळे प्लेटलेटचे पुंजके झाले की मशीनला त्या दिसत नाहीत. स्मिअरवर पुंजके दिसतात. शंका असेल तर निळ्या बुचाच्या नळीत पुन्हा रक्त घेतात. खरोखर फक्त प्लेटलेट कमी, हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी ठीक, मूल हसतंखेळतं, तर बहुधा तो आयटीपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट नष्ट करते तो आजार. सर्दीतापानंतर दोनतीन आठवड्यांनी येतो आणि बहुतेक मुलांत आपोआप बरा होतो. पावसाळ्यात डेंग्यूही डोक्यात असतोच, पण त्यात ताप उतरल्यावर काही दिवसांत प्लेटलेट चढू लागतात. दोन आठवड्यांनंतरही त्या खालीच असतील तर ‘डेंग्यूच्या’ म्हणून सोडून देऊ नका. प्लेटलेटसोबत हिमोग्लोबिनही घसरलं असेल किंवा पांढऱ्या पेशींचं काही जुळत नसेल, तर त्याच दिवशी अस्थिमज्जेची (हाडांच्या आतल्या, रक्तपेशी तयार करणाऱ्या गराची) तपासणी होते अशा रुग्णालयात जायचं.

रिपोर्ट हातात येईपर्यंत आयब्युप्रोफेन देऊ नका, ते प्लेटलेटचं काम बिघडवतं. तापाच्या कित्येक सिरपमध्ये ते पॅरासिटामॉलसोबत मिसळलेलं असतं. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. ताप आलाच तर नुसतं पॅरासिटामॉल, दर किलो वजनाला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ६ तास. १६ किलोच्या मुलाला २४० मिलिग्रॅम: ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप १० मिली, २४० असलेलं ५ मिली. दंडात किंवा कुल्ल्यात इंजेक्शन नको, तिथे आत रक्त साचतं.

आणि स्टेरॉइड तर अजिबात नको. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन ही ल्युकेमियाच्या उपचारातलीच औषधं आहेत, घोळ तिथेच होतो. ‘ॲलर्जी असेल’, ‘संधिवात असेल’ म्हणून पाच दिवस गोळी दिली की ब्लास्ट मरतात, ताप जातो, गाठी बसतात, पायदुखी थांबते, घरचे निर्धास्त होतात. काही आठवड्यांत आजार परततो, आणि तोवर पहिल्या दिवशीच्या रक्ताचं चित्र पुसलेलं असतं. मूल कुठल्या जोखमीच्या गटात बसतं आणि उपचार किती तीव्र द्यायचे, हे त्याच चित्रावर ठरतं. पेशी एकदम मेल्या तर युरिक ॲसिड आणि पोटॅशियम वाढून मूत्रपिंडं अडतात, तो धोका वेगळाच. आधी स्मिअर, मग स्टेरॉइड. हा क्रम उलटू देऊ नका.

नऊ वर्षांची मुलगी, पाच दिवस डाव्या डोळ्याने धूसर दिसतं, नजर ६/३६. बाहुली मोठी करून पाहिलं तर दोन्ही डोळ्यांच्या आतल्या पडद्यांवर (रेटिनावर) रक्तस्राव, काहींच्या मध्यभागी पांढरा ठिपका. उजव्या डोळ्याची तक्रारच नाही. ओसीटी (पडद्याच्या थरांचं स्कॅन) आणि अँजिओग्राफी (शिरेत रंग सोडून पडद्याचे फोटो) लिहून दिली आहे. बरोबर केलं का? — एक तरुण नेत्रतज्ज्ञ, कोल्हापूर

ओसीटीने नुकसान नाही, पण आज तिची गरज नाही. अँजिओग्राफी मात्र रद्द करा. प्लेटलेट किती आहेत ते माहीत नसताना मुलीच्या शिरेत रंग सोडून हाती काही लागणार नाही.

पांढऱ्या मध्याच्या या डागांना स्वित्झर्लंडच्या मॉरिट्झ रोथ यांच्या नावावरून ‘रोथ स्पॉट’ म्हणतात. पुढे ते हृदयाच्या झडपेच्या जंतुसंसर्गाशी इतके घट्ट जोडले गेले की परीक्षेत आजही तेच एक उत्तर दिलं जातं. पांढरा ठिपका बहुतेक वेळा फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे धागे) आणि प्लेटलेटची गुठळी असते, म्हणजे फुटलेल्या वाहिनीला लागलेलं बूच. ल्युकेमियात तिथे कधी रोगाच्या पेशींचा पुंजका असतो. आजाराचं नाव या डागावरून कळत नाही. वाहिनी फुटली आणि बुजली एवढंच कळतं. म्हणून लहान मुलांच्या पट्ट्याने रक्तदाब, हृदयाचे ठोके, साखर, सीबीसी आणि स्मिअर, सगळं आजच करून घ्या.

ॲनिमियाने वाहिन्यांच्या भिंतींना ऑक्सिजन कमी पडतो, प्लेटलेट कमी असल्याने फुटलेलं बुजत नाही. दोन्ही एकत्र आले की पडद्यावर रक्त दिसतं. पांढऱ्या पेशी लाखावर गेल्या तर रक्त दाट होऊन शिरा फुगतात, वळवळतात, मध्येच आवळल्यासारख्या दिसतात. तसं दिसलं तर पुढच्या डॉक्टरांना फोनवरच सांगा, कारण अशा मुलाला तासाभराचाही उशीर परवडत नाही. धूसर दिसतं ते रक्त पडद्याच्या मध्यबिंदूवर आलं तरच. उजव्या डोळ्याची तक्रार नाही ती यामुळे, आणि निदान झालेल्या प्रत्येक मुलाचा पडदा तक्रार नसतानाही तपासावा तो यासाठीच.

चिठ्ठीत बाहुली मोठी करायला कोणतं औषध, किती वाजता घातलं ते लिहा. नाहीतर पुढच्या रुग्णालयात मेंदूवर दाब आहे का हे बाहुलीवरून पाहणाऱ्याची दिशाभूल होते. ट्रोपिकामाइडचा परिणाम काही तासांत उतरतो, ॲट्रोपीनचा आठवडा-दहा दिवस टिकतो. इथे ॲट्रोपीन नकोच. पालकांना सांगायला एक चांगली गोष्ट आहे: या रक्तस्रावांना लेझर, इंजेक्शन काही लागत नाही. रक्त सुधारलं की काही आठवड्यांत ते शोषले जातात. दृष्टिमज्जा (डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस) सुजलेली आणि पांढुरकी दिसत असेल तर मात्र तिच्यात पेशी शिरल्याची शंका घ्या. अशी नजर परत मिळवायला फार कमी वेळ हातात असतो.

मुलगी सहा वर्षांची. पंधरा दिवसांपासून एक डोळा नाकाकडे वळतो, मान तिरकी धरते, ‘दोन दोन दिसतं’ म्हणते. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून दिला. — वडील, नागपूर

चष्मा बाजूला ठेवा. जन्मापासूनच्या तिरळेपणात मुलाला एकाची दोन दिसत नाहीत, कारण मेंदूने एका डोळ्याचं चित्र कधीच बंद केलेलं असतं. सहाव्या वर्षी अचानक वळलेला डोळा आणि दोन दोन दिसणं म्हणजे डोळा बाहेर खेचणारी सहावी नस दुबळी झाली असं धरायचं. ही नस मेंदूच्या तळाशी लांबवर जाते, त्यामुळे कवटीतला दाब कुठल्याही कारणाने वाढला तरी तिला ओढ बसते. यादीत ल्युकेमिया पहिला नाही: मेंदूतली गाठ, टीबीचा मेंदूज्वर हे त्याच्या आधी. सकाळी उठल्या उठल्या डोकेदुखी आणि उलटी असेल तर थेट इमर्जन्सी गाठा.

तिथे पडदा तपासून दृष्टिमज्जेच्या टोकाला सूज आहे का ते पाहतील, सीबीसी आणि स्मिअर काढतील, एमआरआय करतील. पाठीच्या मणक्यातलं पाणी एमआरआय आणि प्लेटलेटचा आकडा पाहिल्यावरच काढतात. घाई करा असा आग्रह आपण धरू नये. ल्युकेमिया निघालाच, तर नस दुबळी असणं म्हणजे आजार मेंदूच्या आवरणांपर्यंत गेला असं मानतात, त्या पाण्यात ब्लास्ट सापडले नाहीत तरी. मग मणक्यातून दिल्या जाणाऱ्या औषधाचे डोस त्यानुसार ठरतात.

पाच वर्षांच्या भाच्याचा एक डोळा पुढे आल्यासारखा वाटतो, पापणी सुजली आहे. इन्फेक्शन म्हणून चार दिवस अँटिबायोटिक चालू आहे, फरक नाही. — एक वाचक, लातूर

मुलाला बसवून त्याच्या पाठीमागे उभे राहा आणि डोक्यावरून खाली, भुवयांच्या रेषेत बघा. एक बुबुळ भुवईच्या पुढे डोकावत असेल तर डोळा खरंच पुढे आला आहे. नुसती पापणी सुजली असेल तर तसं दिसत नाही.

जंतुसंसर्गात ताप, तीव्र दुखणं, गरम लाल पापणी आणि बहुधा आधी सर्दी-सायनस असतं, आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं की दोन दिवसांत उतार दिसतो. तो दिसत नसेल तर सीटी किंवा एमआरआय हवाच. या वयात डोळ्यामागे रॅब्डोमायोसार्कोमा (स्नायूंच्या पेशींसारख्या पेशींचा कर्करोग) वाढू शकतो. पोटातल्या न्यूरोब्लास्टोमाच्या (नसांच्या कोवळ्या पेशींच्या कर्करोगाच्या) गाठी डोळ्यांभोवतीच्या हाडांत येतात. तेव्हा मार न लागता दोन्ही डोळ्यांखाली काळंनिळं पडतं. ल्युकेमियाचा एएमएल हा प्रकार डोळ्याच्या खोबणीत गाठ करतो. ती कापल्यावर हिरवट दिसते म्हणून तिचं जुनं नाव क्लोरोमा; हा रंग पेशींतल्या मायलोपेरॉक्सिडेज या विकराचा. कधी ती गाठ रक्तात ब्लास्ट दिसण्याच्या आधी येते, म्हणून स्मिअर स्वच्छ आला तरी स्कॅन टाळू नये. उलट स्मिअरवर ब्लास्ट दिसले तर अस्थिमज्जेतूनच निदान होतं आणि डोळ्यामागची बायोप्सी बहुधा वाचते. म्हणून दोनशे-चारशे रुपयांची ती तपासणी शस्त्रक्रियेच्या आधी. ‘सूज उतरायला’ स्टेरॉइड द्यायचं का, याचं उत्तर पहिल्या पत्रात आहे.

खर्चाबद्दल: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात, मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये. दाखल होतानाच रेशन कार्ड आणि ओळखपत्र घेऊन योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी जा.

अंगणवाडीत निम्मी मुलं फिकटच असतात. त्यांतलं वेगळं मूल ओळखायचं कसं? — अंगणवाडी सेविका, नंदुरबार

ताई, खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढा आणि आतली कड बघा, दाराबाहेरच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली सगळंच फिकट दिसतं. तळहात आणि ओठही बघा. ज्या मुलाला रक्त कमी आहे पण अंगावर डाग नाहीत, ताप नाही, खेळतं आहे, त्याच्यात बहुधा लोहाचीच कमतरता आहे. लोहाचं औषध रोज नीट पोटात गेलं तर महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने चढतं. तेवढं चढलं नाही आणि सिरप खरंच दिलं जात होतं, तर सीबीसी हवी. लोहाच्या कमतरतेत प्लेटलेट बरोबर असतात, बहुधा वाढलेल्याच. फिकटपणा आणि प्लेटलेट कमी, ही जोडी लोहाने समजावता येत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. फिकटपणासोबत ठिपके, डोळ्यात रक्त, मानेत गाठी, लंगडणं यांतलं काही दिसलं तर पथकाची वाट बघू नका, त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना दाखवा. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांवर जरा जास्तच लक्ष ठेवा, त्यांच्यात ल्युकेमियाचं प्रमाण इतरांहून बरंच अधिक असतं.

मुलावर एएलएलचे उपचार चालू आहेत. एक पापणी खाली पडली आहे. आजार डोळ्यात गेला का? — आई, पुणे

बहुधा नाही. एएलएलच्या उपचारातलं विनक्रिस्टीन हे औषध नसांना बाधतं. पापणी पडणं, जबडा दुखणं, बद्धकोष्ठ, चालताना पाऊल अडखळणं ही सगळी त्याची कामं. पापणी पडलेलं मूल हनुवटी वर करून बघतं. बुरशीसाठी इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल किंवा पोसाकोनॅझोल चालू आहे का, ते सगळ्यात आधी पाहा. यकृतात विनक्रिस्टीन मोडणारं विकर ही औषधं अडवतात, त्यामुळे ते शरीरात जास्त वेळ राहतं. बुरशीच्या औषधाचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा. काय थांबवायचं ते त्यांनी ठरवायचं. पापणी हळूहळू वर येते, पण तिला काही आठवडे लागतात.

पुढे कधी जास्त डोसचं सायटाराबीन हे कर्करोगावरचं दुसरं औषध दिलं तर ते अश्रूंतून बाहेर येऊन बुबुळाचा थर सोलतं. त्यासाठी स्टेरॉइडचे ड्रॉप पहिल्या डोसच्या आधीपासून शेवटच्या डोसनंतर एकदोन दिवसांपर्यंत घालतात. रात्रीचा ड्रॉप चुकवला की सकाळी मूल डोळा उघडत नाही. इथले स्टेरॉइड डॉक्टरांनी निदानानंतर मोजून दिलेले असतात, ते बिनधास्त घाला.

घरच्या गोळ्यांवर असण्याच्या काळात एक डोळा लाल झाला, नजर धूसर झाली आणि बुबुळाच्या तळाशी पांढरट गाळ बसल्यासारखा दिसला, तर साधी साथ समजू नका. रक्तातली औषधं डोळ्याच्या आत पुरेशी पोचत नाहीत, त्यामुळे आजार तिथे दडून परतू शकतो. अशा वेळी डोळ्यातल्या पाण्याचा नमुना घेतात, शिवाय मणक्यातलं पाणी आणि अस्थिमज्जाही तपासतात. डोळ्याभोवती पाण्याचे फोड आले तर ती नागीण असू शकते. त्याच दिवशी औषध सुरू व्हायला हवं.

फ्लॅशच्या फोटोत बाळाची एक बाहुली पांढरी चमकते. हा ल्युकेमिया का? — वाचक, पणजी

नाही, हे वेगळं प्रकरण आहे. अशी चमक रेटिनोब्लास्टोमा या डोळ्यातल्याच गाठीची असू शकते, किंवा मोतीबिंदूची. बाळ जरा नाकाच्या बाजूला बघत असताना फ्लॅश दृष्टिमज्जेच्या टोकावर पडला तरी एखाद्या फोटोत पांढरी चमक येते. गेल्या सहा महिन्यांचे फ्लॅशचे फोटो काढून बघा, बाळ सरळ कॅमेऱ्याकडे बघत असलेले. तोच डोळा पुन्हा पांढरा दिसला तर या आठवड्यातच बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या, आणि ते फोटो डॉक्टरांना दाखवायला मोबाइलमध्ये ठेवा. असा फोटो एकच असला तरी तपासणी कराच, फक्त रात्रभर जागू नका.